गाडीला वळसा

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे गिरणीत कधी कुणाला सांगावं लागलं नाही आणि गिरणीबाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती.

सोलापुरात त्या काळी साचाखात्यातली, म्हणजे मागांवरची, निम्मी माणसं बहिरीच असायची. माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्यानं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी पत्ता लागत नसे. मग बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. दोन बोटांची कात्री दाखवली की धागा तुटला. तळहात पालथा धरून पुढे सरकवला की बरं चाललंय, चालू दे. हनुवटीला बोट लावलं की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येतोय, तोंड आवर. मी सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात आणि हे साच्यावर. कांड्यांची टोपली घेऊन गेले की आमच्या चार खुणा व्हायच्या. पुढे दोन्हीकडच्या थोरांनी लग्न ठरवलं आणि मग मी ह्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. एवढा आडदांड गडी आणि आवाज चिमणीचा. मला हसू आवरेना, आणि हे बिचारे मी का हसते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसले.

कान गेले त्याचं आम्हांला काही वाटलं नाही. पण खोकला लागला तो जाईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, कापसाची धूळ छातीत बसली आहे, गिरणी सोडायला लावा, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून बाहेर येतील. गिरणी सोडून सोलापुरात करायचं काय, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

अशात एका शेठनं क्रूडवर, आता ज्याला डिझेल म्हणतात त्यावर, चालणारी लॉरी आणली. दुसरी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. तोवर गावातल्या सगळ्या लॉऱ्या पेट्रोलच्या. ही नुसत्या क्रूड तेलावर चालते, तिला ठिणगी लागत नाही, असं कळल्यावर लोक वखारीच्या फाटकाशी तिचा धूर हुंगायला उभे राहत. शेठ कानडी मुलखातले, आडतीचा मोठा धंदा. अकलूजकडून कालव्याच्या उसाचा गूळ आणायचा आणि इकडून सूत न्यायचं, यासाठी त्यांनी ही गाडी घेतली होती. गाडीबरोबर मुंबईहून कंपनीचा माणूस आला. त्याच्या हाताखाली हे लागले आणि तो परत गेला तेव्हा हे गाडीचे मिस्त्री झाले. बहिऱ्या माणसानं शिकवणी कशी घेतली म्हणाल, तर कंपनीचा माणूस इंग्रजी-हिंदीची भेळ करून काय सांगायचा ते कान धड असलेल्यांनाही कळत नव्हतं. ह्यांनी त्याचे हात पाहिले. हात पाहून शिकायची सवय ह्यांना गिरणीनं लावलीच होती.

शेठना मात्र ह्यांच्या कानांचं काही माहीत नव्हतं. कंपनीच्या माणसानं जाताना त्यांच्या मनात भरवून दिलं होतं की ह्या इंजिनाचा मिस्त्री कानाचा पक्का पाहिजे, दुखणं आवाजावरून ओळखायचं असतं. शेठ हे वाक्य येईल-जाईल त्याला ऐकवत. त्यातून शेठच्या तोंडात सदा पानाचा तोबरा. ओठ वाचायचे म्हटले तरी त्या गालफुगीतून काय वाचणार? गाडीचे डायवर दखनी बोलणारे म्हातारे चाचा होते. फार गुणी माणूस. शेठ काही म्हणाले की चाचा तेच पुन्हा, ह्यांच्याकडे तोंड करून, सहज बोलल्यासारखं म्हणत. इंजिनाचा आवाजही तेच ऐकून सांगत. एका माणसाचे कान आणि दुसऱ्याचे हात, असं वर्षभर बिनबोभाट चाललं. खोकला कमी झाला. रात्री हे सलग झोपायला लागले, आणि त्या झोपेसाठी मी त्या लॉरीला मनातल्या मनात रोज हात जोडत असे.

मग गाडी बिघडली. काळा धूर ओकायला लागली, लोखंडावर घण घातल्यासारखी ठोकायला लागली. क्रूड दुप्पट पिऊ लागली. वंगण मोजायची पट्टी बाहेर काढली तर वंगण कमी व्हायचं सोडून वाढलेलं, आणि त्याला क्रूडचा वास. म्हणजे क्रूड कुठंतरी गळत होतं. ह्यांनी दोनदा सगळं उघडून धुऊनपुसून पुन्हा बसवलं. आधीपेक्षा जास्तच बिघडलं. शेठ चाचांना म्हणाले, रविवारी अजून एकदा बघू द्या मिस्त्रीला, नाही जमलं तर सोमवारी मुंबईला तार करतो, आणि येणारा माणूस इथंच ठेवून घेतो. म्हणजे हे पुन्हा साच्यावर. आणि पुन्हा साच्यावर म्हणजे काय, ते डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं.

नेमकं तेव्हाच चाचांना मुलीच्या बाळंतपणासाठी गुलबर्ग्याला जावं लागलं. जाताना आमच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "बेटी, कल तू उसके संग जा. उसकू कान होना." म्हणजे त्याला कान लागतील.

रविवारी गिरणी बंद. मी भाकरी बांधली, ह्यांनी सांगितलं म्हणून एका फडक्यात जोंधळ्याचं पीठही घेतलं, आणि ह्यांच्या मागोमाग वखारीत गेले. कडुलिंबाखाली गाडी उभी. शेठ ओट्यावर पान लावत बसलेले.

"मिस्त्री, बाईमाणसाला कशाला आणलं?" ते म्हणाले.

हे पुढे चालत राहिले होते. मीच म्हणाले, "चाचा न्हाईत शेठ, हत्यारं हातात द्याया कोण हाय? म्हून मी आले."

शेठ ओट्यावरून हलले नाहीत.

ह्यांनी बॉनेट उघडलं. मी इंजिन जवळून पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. एका बाजूला पंप, आणि त्यातून चार पोलादी नळ्या निघून चार खोल्यांच्या, म्हणजे सिलिंडरच्या, डोक्यावर गेलेल्या. प्रत्येक नळीच्या टोकाला एक इंजेक्टर. बोटभर लांबीची ती पिचकारी. हे म्हणाले, सगळा जीव हिच्यात. ह्यांनी नळ्या पुसून कोरड्या ठणठणीत केल्या आणि त्यांवर जोंधळ्याचं पीठ भुरभुरलं. इंजिन चालू केलं. तेल बाहेर कुठं गळत असेल तिथं पीठ ओलं होणार. माझं चांगलं मूठभर पीठ गेलं म्हणून मी मनात चरफडत होते, पण युक्तीचं कौतुकही वाटत होतं. आम्ही वाट पाहिली. नळ्या पांढऱ्याच्या पांढऱ्या राहिल्या, एकही डाग उमटला नाही.

"बाहीर न्हाय," हे म्हणाले. "आत गळतंय."

बाहेर गळतं ते पिठानं दाखवलं असतं. आतलं कसं दिसणार?

तेवढ्यात शेठ ओट्यावरून उतरून जवळ आले आणि तोबऱ्यातूनच म्हणाले, "कान लावून ऐका की मिस्त्री. मुंबईचा माणूस कसा पेचकस लावून ऐकत होता!" मी पटकन कानाला बोट लावून दाखवलं. ह्यांनी लांब पेचकस उचलला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून मोठ्या विद्वानासारखी मान डोलावली. मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे छातीत धडधडत होतं. ठार बहिरा माणूस पेचकसातून काय ऐकणार, कपाळ?

मग हे कामाला लागले. पहिल्या नळीचा नट पान्यानं जरा सैल केला. तिथून क्रूड बाहेर यायला लागलं, म्हणजे ती खोली बंद पडली, आणि इंजिन जास्त लंगडायला लागलं. ह्यांनी पेचकस कानाशी धरूनच माझ्याकडे नजर टाकली. मी पदराआडून कात्री दाखवली. धागा तुटला. नट पुन्हा आवळला. दुसरा सैल केला. पुन्हा लंगडलं, पुन्हा कात्री. तिसरा सैल केला आणि मी कान टवकारले. इंजिन होतं तसंच ठोकत राहिलं. काही फरक नाही. म्हणजे ती खोली आधीपासूनच काम करत नव्हती. मी तळहात पालथा धरून पुढे सरकवला.

ह्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी नट आवळला, पेचकस ठेवला, माझं मनगट धरलं आणि माझी बोटं एका नळीवर टेकवली. नळी आतून टकटक उडत होती, तापातल्या माणसाच्या नाडीसारखी. दुसरी तशीच. तिसरीवर बोटं ठेवली तर ठोका होता, पण मऊ, शेवट नसलेला. चौथी पुन्हा टणक.

"मला कवाच कळलं हुतं," हे हळूच म्हणाले. "तुला इचारलं ते खातरी कराया."

ह्यांना कळलं होतं! इतके दिवस मी त्यांची कीव करत होते, चाचांचे उपकार मोजत होते, आणि हा माणूस बोटांनी ऐकत होता. मी त्या हातांकडे बघतच राहिले. गिरणीत हजार वेळा पाहिलेले हात, पण त्या दिवशी मला ते देवघरातल्या वस्तूसारखे वाटले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

ह्यांनी इंजिन बंद केलं. चौथ्या खोलीची, म्हणजे चांगल्यातली पिचकारी आधी काढली, ताडून बघायला. तिची नळी उलटी वळवून ती हवेत धरली आणि पंपाची कळ हातानं जोरात दाबली. काय सांगू! फुस्स करून धुकं निघालं. परीट तोंडातलं पाणी कपड्यावर फवारतो तसं, पण त्याहून कितीतरी बारीक. थेंब म्हणून एक नाही. लिंबातून येणाऱ्या उन्हात ते धुकं क्षणभर उभं राहिलं आणि विरलं. हे काळं, चिकट, घाण वासाचं क्रूड, आणि त्याचं हे असं व्हावं? ज्या भोकातून ते येतं ते केसाहून बारीक, असं हे म्हणाले. माणसानं एवढं बारीक भोक पाडलं कशानं असेल, आणि ते पाडणाऱ्याचे डोळे कसे असतील, असं माझ्या मनात आलं. पुन्हा कळ दाबली, पुन्हा धुकं. मी भारावून हात पुढे केला.

फाडकन माझ्या हातावर फटका बसला. ह्यांनी माझ्यावर हात उचलला तो जन्मात तेवढाच. शेठच्या देखत मी ओशाळले आणि मला रागही आला. "येडी हाईस का?" हे ओरडले. "कातड्यातनं आत शिरतं ते. सुईवानी." कंपनीच्या माणसाचं एक बोट ताठ होतं, वळत नव्हतं. ते त्यानं ह्याच धुक्यापुढे धरलं होतं म्हणे. मी हात पदरात गुंडाळला. इतकी देखणी गोष्ट आणि इतकी वाईट. मला तिचा आदर वाटायला लागला.

मग तिसरी पिचकारी काढून तशीच धरली. कळ दाबली. धुकं जेमतेम आलं, आणि मागून टोकाला एक थेंब लोंबला. तो पडला, दुसरा आला. तान्ह्या पोराच्या तोंडातून लाळ गळावी तशी ती गळत होती. सापडलं. ह्यांनी ती उघडली. आत एक सुई असते, आरशासारखी चकचकीत. ती भोकावर घट्ट बसली पाहिजे. ह्यांनी सुई आणि तिचं घर क्रूडमध्ये धुतलं, नीट निरखलं, आणि सवयीनं खिशातून वेस्टचा, म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताचा, पुंजका काढून सगळं लख्ख पुसलं. पुन्हा बसवलं, कळ दाबली. लाळ. पुन्हा उघडलं, धुतलं, जास्त जोर लावून पुसलं. लाळ वाढली.

शेठ घड्याळ काढून बघायला लागले. ह्यांचा खोकला उठला. रागानं की दमल्यानं कोण जाणे, पण पुष्कळ दिवसांनी तसा उठला. ते वाकून खोकत होते, आणि मला डॉक्टरांचे शब्द ऐकू येत होते. कापसाची धूळ छातीत बसली आहे.

मी सुई हातात घेतली. कांड्यांवर दिवसभर हजारो धाग्यांतून एक तुटका तंतू हुडकायचा, हीच माझी नोकरी होती. सुई उन्हाकडे तिरकी केली. टोकाशी काहीतरी लकाकलं आणि गेलं. पुन्हा फिरवली. एक तंतू होता. पांढरा, सरकीच्या केसाएवढा, निम्मा चिकटलेला आणि निम्मा उभा. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना दिसला नसता, पण मी जन्मभर तेच बघत आले होते.

ह्यांच्या दंडाला धरून मी त्यांना वळवलं. त्यांच्या हातातल्या पुंजक्याकडे बोट दाखवलं आणि मग सुईच्या टोकाकडे.

हे आधी बघतच राहिले. मग मटकन गाडीच्या पायरीवर बसले. सोलापुरात वेस्टचा पुंजका कुणाच्या खिशात नसतो? दिव्याच्या वातीपासून उशीपर्यंत सगळ्याला तोच. स्वच्छता म्हणजे वेस्टनं पुसणं, हे आम्हां सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. मुंबईचा माणूस धुऊन ओलंच बसवायचा, हे ह्यांनी पाहिलं होतं. पण त्यांना तो त्याचा आळस वाटला होता. गिरणीतला नीटनेटका गडी ओली वस्तू यंत्रात कशी घालणार? म्हणून हे दर खेपेला मन लावून पुसत होते, आणि दर खेपेला आत एखादा तंतू सोडत होते.

"आपला कापूसच की गं," हे म्हणाले. "माझ्या छातीत, अन् हिच्या बी."

मी स्वच्छ क्रूडचं डबडं पुढे केलं. त्यांनी सुई धुतली, दुसऱ्या डबड्यात पुन्हा धुतली. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. मी तो धरला. पुंजका घेतला आणि लांब फेकून दिला. ओली सुई तशीच तिच्या घरात घालताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं काही कुणी त्यांना पारोशानं जेवायला बसवलंय. नळी वळवली. कळ दाबली. फुस्स.

धुकं. सगळं धुकं. टोक कोरडं.

बाकीच्या पिचकाऱ्याही तशाच धुऊन ओल्याच बसवल्या, वंगण बदललं, आणि उन्हं कलायच्या सुमाराला गाडी सुरू केली. ठोकणं गेलं होतं. धूर पातळ, निळसर. इंजिन गिरणीतल्या चांगल्या मागासारखं एका लयीत चालायला लागलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

हे बॉनेटखाली वाकून एकेका नळीवर बोटं ठेवून बघत होते. शेठ त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"झालं की मिस्त्री," शेठ म्हणाले.

हे वळले नाहीत.

"मिस्त्री," शेठ मोठ्यानं म्हणाले. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, त्या आवाजात धड कानाच्या माणसाला ते ऐकू येणारच होतं. हे तिसऱ्या नळीवर बोटं ठेवून स्वतःशीच हसत होते.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी खूण करायला हात वर केला, पण ह्यांची पाठ माझ्याकडे होती. माझा हात तसाच हवेत राहिला. शेठ त्या हाताकडे बघत होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून हा माणूस ओट्यावर बसून माझे हातच बघत होता. पेचकसाचं सोंगही त्यानं पाहिलं होतं. खोटं काय बोलावं ते सुचेना, आणि खरं बोलायची हिंमत होईना. गाडी नीट झाली आणि गाडीचा मिस्त्री गेला, असं माझ्या मनात आलं.

कुंपणाशी जाऊन शेठनी तोंडातलं पान थुंकलं. रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली, तोंड पुसलं. मग सावकाश गाडीला वळसा घालून ते पलीकडे गेले, ह्यांच्या समोर, इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला. तिथं ते उभे राहिले. हाक मारली नाही. ह्यांनी मान वर करेपर्यंत वाट पाहिली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मिस्त्री, उद्या अकलूजला गूळ आणायला गाडी काढायची. निघेल?"

"निगंल की शेठ," हे म्हणाले. "का न्हाय निगणार?"

त्या दिवसापासून शेठना ह्यांच्याशी बोलायचं असलं की ते आधी चूळ भरत आणि मग वळसा घालून पुढ्यात येत. शेठ होते तोवर हे असंच चाललं. त्यांनी हा विषय माझ्याकडे कधी काढला नाही आणि ह्यांच्याकडे तर नाहीच. देवाधर्मात मी फार नसते, पण एवढ्या मोठ्या आडतदारानं एका मिस्त्रीसाठी गाडीला वळसा घालावा, याचं नवल मला अजून वाटतं.

शेठना कळलंय, हे मी ह्यांना सांगितलं नाही. सांगून करायचं काय होतं? त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो तेव्हा हे खुशीत होते. हाताला क्रूडचा वास, छाती मोकळी. स्टेशनच्या रस्त्यावर मध्येच थांबून मला म्हणाले, "शेठ आज लई झ्याक बोललं, न्हाय? आवाज बी किती सुदारलाय त्येंचा."

"व्हय," मी म्हणाले, त्यांच्याकडे तोंड करून.